निळ्या भोकाचं कार्ड

जुना असेंबल्ड कॉम्प्युटर भिंतीपासून पुढे ओढून मागची बाजू बघितली की साउंड कार्डाच्या लोखंडी पट्टीवर एका ओळीत रंगीत भोकं दिसतात. गुलाबी, निळं, पोपटी, कधी एखादं काळं. शेजारी पंधरा छिद्रांचा सोनेरी पिवळा पोर्ट. तो जॉयस्टिकसाठी होता आणि बहुतेक घरांत त्यात धुळीशिवाय काहीच गेलं नाही. हे रंग कुणा एका कंपनीच्या हौसेने आलेले नाहीत. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने मिळून काढलेल्या ‘पीसी ९९’ या नियमावलीत ते ठरले. माइकला गुलाबी, स्पीकरला पोपटी आणि बाहेरच्या यंत्रातून आवाज आत घेण्यासाठी, म्हणजे लाइन-इनसाठी, फिकट निळा. त्याआधीच्या कार्डांवर बारीक चिन्हं असायची आणि ती वाचायला टेबलाखाली बॅटरी घेऊन शिरावं लागायचं.

आजच्या लॅपटॉपवर यातलं निळं भोक सापडत नाही. हेडफोनचं एक भोक असतं, त्यातच मोबाइलसारखी माइकचीही सोय असते, आणि तो माइक एकेरी असतो. टेप रेकॉर्डरमधून निघणारा डावा-उजवा आवाज दोन वाटांनी आत घ्यायचा तर या भोकाचा उपयोग नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्तातल्या यूएसबी कांड्यांचंही बहुधा तेच. मग अडगळीतल्या त्या जुन्या कॉम्प्युटरच्या पेटीची आठवण होते.

ती आठवण ज्याला होते असा माणूस लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावात असतोच. बहुतेकदा तो निवृत्त शिक्षक असतो. त्याच्या कपाटात कॅसेटींची खोकी असतात. एखाद्या अखंड हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, गावच्या भजनी मंडळाची पंचपदी, शाळेच्या स्नेहसंमेलनातली लोकगीतं, आणि एका कॅसेटवर नुसतं ‘आई’ असं निळ्या बॉलपेनने लिहिलेलं. टेप रेकॉर्डर अजून चालतो. जुना कॉम्प्युटरही चालू होतो. नातवाने किंवा दुकानातल्या पोराने त्यात विंडोज १० टाकून दिलेलं असतं. फक्त आवाज येत नाही. उजव्या कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर लाल फुली बसलेली असते. दुकानातलं पोरगं हसून म्हणतं, “सर, कशाला जुन्याच्या नादी लागूलालाव? नवीन घ्या की.” सर घेत नाहीत. त्यामागे पैशाचा हिशेब थोडा आणि हट्ट जास्त असतो. खरं तर निळ्या भोकाची बरी यूएसबी पेटी आज फार महाग राहिलेली नाही आणि तिला वेगळा ड्रायव्हरही लागत नाही. शहाणा माणूस तीच घेईल. पण चालू वस्तू बंद म्हणून टाकून द्यायची ही गोष्ट या पिढीला सहन होत नाही, आणि कार्ड तर धडधडीत चालू असतं.

हेच मोठं गमतीचं. कार्डात काही जळालेलं नसतं. सोनेरी कडेवर काळपट थर आला असेल तर दुरुस्तीवाले खोडरबर फिरवतात, दहा वर्षांची काळ्या मातीची धूळ ब्लोअरने उडवतात, पट्टीचा स्क्रू आवळतात. कॉम्प्युटरला खाचेत कुणीतरी बसलंय हे कळतंही. डिव्हाइस मॅनेजर उघडलं की पिवळं उद्गारचिन्ह आणि ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ असं बिननावाचं नाव दिसतं. त्याच्या गुणधर्मात खोलवर गेलं तर हार्डवेअर आयडी सापडतो. त्यात विक्रेत्याचा क्रमांक ११०२ आणि उपकरणाचा ०००२ असेल तर ते सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर लाइव्ह, १९९८ सालचं. १३एफ६ आणि ०१११ असेल तर तैवानच्या सी-मीडियाची ८७३८ नावाची चिप, मग डब्यावर नाव कुणाचंही छापलेलं असो. म्हणजे कार्ड आपला नाव-पत्ता बरोबर सांगतंय. ऐकणाऱ्याकडे त्याच्याशी पुढचं बोलायला माणूस नाही. तो माणूस म्हणजे ड्रायव्हर.

मराठवाड्याला ही अडचण चांगली ओळखीची आहे. निलंगा निजामाच्या राज्यात बिदर जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा तो उस्मानाबादेत आला आणि १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. माणसं जागेवरच राहिली आणि दप्तरं फिरली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यातली निजामकालीन कागदपत्रं धुंडाळली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. कागद होते, शाई टिकली होती. वाचणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. नव्या विंडोजपुढे बसलेलं जुनं साउंड कार्ड हे असंच एक दप्तर आहे.

एकेकाळी हा वाचणारा माणूस स्वतः मालकालाच व्हावं लागायचं. १९८७ साली कॅनडातल्या क्यूबेकच्या ॲडलिब कंपनीने यामाहाच्या चिपवर कार्ड काढलं आणि पीसीच्या पिप-पिप करणाऱ्या स्पीकरपलीकडे संगीत ऐकू येऊ लागलं. दोन वर्षांनी सिंगापूरच्या सिम वाँग हू यांनी साउंड ब्लास्टर आणलं. त्यात तीच यामाहाची चिप होती, शिवाय ध्वनिमुद्रणाची सोय आणि जॉयस्टिकचा पोर्ट. सिम स्वतः हार्मोनिका वाजवत. यंत्राने गायला हवं असं ज्याला मनातून वाटतं त्याच्या हातून अशा वस्तू होतात. १९९२ मध्ये ॲडलिबचं दिवाळं निघालं आणि त्याच वर्षी क्रिएटिव्ह ही अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेलेली सिंगापूरची पहिली कंपनी झाली. त्या काळात डॉसच्या फाइलीत एक ओळ लिहावी लागे. पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १. इंटरप्ट प्रिंटरशी भांडला की गाणं सुरू असताना छपाई थांबायची किंवा उलट. आज ही ओळ तोंडपाठ असलेली माणसं चाळिशी-पन्नाशीच्या पुढची आहेत आणि विचारल्याबरोबर ती म्हणून दाखवतात.

आपल्याकडे कार्डांचा हा काळ आणखी एका रूपात येऊन गेला. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आलं आणि त्यातून जिस्ट कार्ड तयार झालं. हे कार्ड खाचेत बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटायचं. आज मोबाइलवर जे अंगठ्याने होतं त्यासाठी तेव्हा वीतभर लांबीची हिरवी पाटी लागायची. विंडोज आलं, फाँट आले, पुढे युनिकोड आलं, आणि जिस्ट कार्डाला खाच उरली नाही. त्याच्यामागून आलेल्या डीटीपीच्या मराठी सॉफ्टवेअरला प्रिंटरच्या पोर्टात लावायचं कुलूप असायचं, डोंगल. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात कोपऱ्यात विंडोज एक्सपीची एक पेटी अजून झाकून ठेवलेली दिसते ती या कुलपासाठी. तिला इंटरनेट लावत नाहीत, तिच्यावर कुणाला बसू देत नाहीत, आणि लग्नसराईत तिला सगळे अहो-जाहो करतात.

एक्सपी हा साउंड कार्डांचा सुखाचा काळ. २००१ च्या ऑक्टोबरात आलेल्या या विंडोजच्या पोटात साउंड ब्लास्टर लाइव्हचा ड्रायव्हर आधीच होता. सीडी हरवली तरी आवाज यायचा. त्याच वर्षी महाराष्ट्रात एमएस-सीआयटी सुरू झाली आणि तालुक्या-तालुक्यात कॉम्प्युटरचे वर्ग उघडले. सुटे भाग आणायला निलंग्याला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा सिकंदराबादचं सीटीसी मार्केट जवळ. लोडशेडिंगमुळे यूपीएस आधी, कॉम्प्युटर मागून. साउंड कार्ड ही चैन होती, कारण मदरबोर्डावरच साधा आवाज येऊ लागला होता, तरीही ज्याच्याकडे ‘क्रिएटिव्हचं’ होतं तो ते सांगितल्याशिवाय राहत नसे.

२००७ मध्ये व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आलं आणि मायक्रोसॉफ्टने आवाजाची आतली वाटच बदलली. खेळातला आवाज चिपवर फिरवून घुमवण्याची जी करामत कार्डं थेट करत, तिचा तो रस्ता बंद झाला. साठ वर्षांच्या गवयाला एका रात्रीत साथीदार करून बसवावं तसं झालं. चौसष्ट बिटांच्या व्हिस्टाने आणखी एक अट घातली की गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरवर अधिकृत सही हवी. क्रिएटिव्ह कंपनीला नवी कार्डं विकायची होती, जुन्यांसाठी ड्रायव्हर लिहिण्यात तिला काय मिळणार? ब्राझीलमधल्या एका माणसाने मग कंपनीचेच ड्रायव्हर उलगडले, त्यातल्या बंद ठेवलेल्या सोयी जाग्या केल्या आणि दुरुस्त करून सगळ्यांना वाटले. मार्च २००८ मध्ये क्रिएटिव्हने जाहीर पत्र लिहून त्याला थांबायला सांगितलं. गिऱ्हाइकं एवढी चवताळली की कंपनीला थोड्याच दिवसांत नमतं घ्यावं लागलं. कायद्याच्या बाजूने कंपनीचं म्हणणं टिकणारं असेलही. पण ज्याने पैसे मोजून कार्ड घेतलं त्याला ते वाजवून देणाऱ्याचीच बाजू पटणार.

विंडोज १० वर हीच वाट अधिक अरुंद होते. सर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करतात, निळ्या पडद्यावरच्या यादीत सात नंबर दाबून सहीची सक्ती तेवढ्यापुरती उठवतात, बिनसहीचा ड्रायव्हर बसवतात. पुढच्या वेळी कॉम्प्युटर चालू केला की सक्ती पुन्हा हजर. विंडोज ११ च्या सुरक्षेत ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचा पहारेकरी आहे, तो चालू असला तर अशा बऱ्याच जुन्या ड्रायव्हरना दारातूनच परत पाठवतो. त्याला दोषही देता येत नाही. गाभ्यात शिरलेला ड्रायव्हर घरातल्या कुठल्याही खोलीत जाऊ शकतो, आणि कुणाच्या कुणी बदललेली फाइल डोळे झाकून बसवणं धोक्याचंच आहे. शिवाय विंडोज ११ बत्तीस बिटांत मिळतच नाही, त्यामुळे बत्तीस बिटांचे सगळे जुने ड्रायव्हर एकगठ्ठा निकामी. या खटाटोपात दुपार जाते. मधे कुणीतरी निलंगा राईसच्या प्लेटा मागवतो आणि कीबोर्डावर पिवळी शितं सांडतात.

नावांचा घोटाळा वेगळाच. ‘लाइव्ह’ नावाची सगळी कार्डं एक नव्हेत. डेल कंपनीच्या कॉम्प्युटरांतून आलेल्या काहींचा क्रमांक ०००६ निघतो, पुढे निघालेल्या ‘लाइव्ह २४-बिट’चा ०००७. डब्यावर नाव तेच, आतली चिप निराळी, आणि एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. मूळ चिपचीही एक मर्यादा आहे. तिच्या काळात १२८ मेगाबाइट रॅम म्हणजे श्रीमंती, त्यामुळे सगळ्या मेमरीतला खालचा भागच तिला दिसतो. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये तिच्यासाठी एकतीस बिटांची, म्हणजे दोन गिगाबाइटांची हद्द आखलेली होती. आठ गिगाबाइट रॅमच्या पेटीत हे कार्ड बसवलं आणि ड्रायव्हरने ही हद्द सांभाळली नाही तर आवाज करकरतो. दुकानदार स्पीकर बदलतो, मग वायर बदलतो, मग कार्डाला दोष देतो.

लिनक्सचं नाव निघालं म्हणजे दुसरा दरवाजा उघडला. फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांनी १९९२ च्या सुमारास साउंड ब्लास्टरसाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला. चेक प्रोग्रामर यारोस्लाव्ह किसेला यांनी ग्रॅव्हिसच्या कार्डासाठी ड्रायव्हर लिहायला घेतला आणि १९९८ पासून त्यातून अल्सा ही सगळी व्यवस्था उभी राहिली. निलंग्यातल्या पेटीत पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालवलं तर १९९८ चं कार्ड सीडी, सही, सात नंबर यातलं काहीही न विचारता ओळखलं जातं. तरी आवाज येईलच असं नाही. मिक्सरमध्ये ‘ॲनालॉग-डिजिटल आउटपुट जॅक’ नावाचं एक बटण असतं. ते डिजिटलकडे राहिलं की कार्ड इमानदारीने वाजत राहतं आणि खोलीत शांतता. हे एक बटण माहीत नसल्यामुळे किती कार्डं भंगारात गेली असतील कोण जाणे. नंतरही, अगदी २०२३ मध्ये, या जुन्या चिपच्या ड्रायव्हरची कुणीतरी बसून मोठी डागडुजी केली. जे कार्ड बनवणाऱ्या कंपनीने कधीच विकायचं थांबवलं, त्याच्या तारा कुणी परका माणूस पंचवीस वर्षांनी पुन्हा जुळवतो. यात पैसा नाही. एका अर्थी ही जुनी गावकी आहे, फक्त गाव फार मोठं आहे.

विंडोजचा ड्रायव्हर कंपनीच्या कपाटात बंद राहिला आणि लिनक्सचा चावडीवर लावला गेला, फरक एवढाच. कार्ड जगणार की मरणार हे चिपच्या मजबुतीवर फारसं ठरलं नाही, कागद कुणी उघडे ठेवले त्यावर ठरलं. सरांना लिनक्स आवडतं असं नाही. मराठी टाइप करायला त्यांना हाताची सवय असलेला कीबोर्ड हवा असतो, मेनूतली नावं अनोळखी वाटतात. पण कीर्तन आत घ्यायचं असतं म्हणून ते बसतात.

आणि मग खरं काम सुरू होतं, ज्याला कुठलाही ड्रायव्हर घाई करू शकत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट आत घ्यायला नव्वद मिनिटंच लागतात. टेपच्या हेडवर स्पिरिटचा कापूस फिरवायचा, हेडचा बारीक स्क्रू हलवून आवाज मोकळा होतो का ते कानाने बघायचं. टेप आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या बोर्डांवर असले आणि अर्थिंग कच्चं असलं की मागे पन्नास हर्ट्‌झची घूं धरते. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले तर पुष्कळदा ती जाते. साउंड ब्लास्टर लाइव्हची आतली घडी ४८ किलोहर्ट्‌झची आहे. सीडीच्या ४४.१ वर मुद्रण मागितलं तर ते आत एकदा रूपांतर करतं, म्हणून जाणकार सरळ ४८ वरच घेतात. सीडीच्या दर्जाने धरलं तरी नव्वद मिनिटांचे साधारण साडेनऊशे मेगाबाइट होतात. पूर्वी एवढं एका सीडीत मावायचं नाही, आता मोबाइलच्या नखाएवढ्या कार्डातही त्याची गिनती नाही. पडद्यावर हिरवी पट्टी हलत राहते आणि सर कीर्तन पुन्हा पहिल्यापासून ऐकतात, कारण मुद्रण होतंय की नाही हे ऐकल्याशिवाय कळत नाही. मधेच बुवांच्या मागून कुणाची तरी खोकल्याची उबळ येते आणि ती कुणाची हे घरातल्या माणसांना लगेच ओळखू येतं.

अशा आवाजांची किंमत आधी कळलेली काही माणसं आपल्याकडे होऊन गेली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्याकडून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या. बर्नार बेल या फ्रेंच संगीतज्ञ-संगणकतज्ज्ञाने त्यांतल्या पुष्कळशा ध्वनिमुद्रित केल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आज ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतात. त्या वहीत उतरवून घेतल्या असत्या तर शब्द उरले असते. ओवीच्या शेवटी श्वास कुठे घेतला आणि दुसरीने तो धागा कुठून उचलला हे वहीत लिहिता आलं नसतं. गावोगावच्या कपाटांतल्या खोक्यांना असा कुणी संशोधक मिळणार नाही. तिथे दुकानातलं पोरगं आणि सर हेच संशोधक.

वेळही फार उरलेला नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या मदरबोर्डांवर असं कार्ड बसवायची पीसीआय नावाची पांढरी खाच जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. असली तर मधे दुभाषा चिप बसवलेली असते. कॅसेटची फीत बुरशी धरते, रबरी पट्टा सैल पडतो, आणि टेप दुरुस्त करणारा माणूस ड्रायव्हर लिहिणाऱ्याइतकाच दुर्मिळ होत चालला आहे.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी असेल त्यांनी ती भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी एकदा उघडून बघावी. मागच्या पट्टीवर निळं भोक दिसलं तर कार्ड बाहेर काढून त्यावरचा क्रमांक, सीटी ४८३० किंवा एसबी ०१०० असा काहीतरी, कागदावर उतरवून घ्यावा. हार्ड डिस्कवर जुनं एक्सपी असेल तर ते पुसू नये. तिथे ड्रायव्हर चालू स्थितीत बसलेला आहे, आणि इंटरनेट न लावता नुसत्या ध्वनिमुद्रणाला तेवढं पुरतं. नाहीच जमलं तर पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन बघावं, आणि आवाज आला नाही तर आधी ते डिजिटलचं बटण तपासावं.